पत्रं कुणाच्या घरात राहतात?

मासिकाच्या गेल्या अंकात एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना मी हॉटमेलचा उल्लेख केला होता. 4 जुलै 1996 ला अमेरिकेत सुरू झालेली ही सेवा, म्हणजे कुणालाही फुकटात आणि ब्राउझरमधून वापरता येणारी ईमेलची पेटी. उल्लेख फक्त चार ओळींचा, पण त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यांनाच द्यावा लागतोय. विषय माझ्याही जिव्हाळ्याचा आहे. 1999 ते 2011 साताऱ्यात, पोवई नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर, मी सायबर कॅफे चालवला. सुरुवातीला तीन कॉम्प्युटर होते, पुढे सहा झाले. साताऱ्यातल्या कित्येक आईवडलांची पहिली ईमेल मी माझ्या हातांनी टाइप केली आहे.

ताई, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत 1996 च्या आधीही ईमेल होती. मग हॉटमेलने नवीन असं काय केलं? नुसती जाहिरातबाजी की खरंच काही?
*निवृत्त प्राध्यापक, कराड*

सर, ईमेल आधी होतीच. प्रश्न ती कुठे बसून वाचता येते हा होता.

त्या काळी ईमेलचा पत्ता मिळायचा तो नोकरीमुळे, कॉलेजमुळे, नाहीतर इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपनीकडून. आपल्याकडे विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ज्यांनी पैसे भरून खातं घेतलं त्यांना त्याबरोबर ईमेलचा पत्ता मिळाला. स्वस्तातलं खातं घेतलं तर पडद्यावर नुसती अक्षरं, चित्र नाही की माऊस नाही. नोकरी सुटली की पत्ता गेला, कॉलेज संपलं की पत्ता गेला, वर्गणी भरली नाही तरी पत्ता गेला. शिवाय ज्या कॉम्प्युटरवर तुमचा मेलचा प्रोग्राम बसवलेला असेल, बहुतेकांना पत्र तिथेच वाचता यायचं. तो प्रोग्राम कंपनीच्या मोठ्या यंत्राला फोन लावायचा, आलेली पत्रं उतरवून घ्यायचा आणि तिकडची पेटी रिकामी करायचा. पोस्टमन घरी येऊन टपाल हातात देतो आणि त्याच्या पिशवीत मग काही उरत नाही, तसंच ते होतं.

सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ कॅलिफोर्नियात एका हार्डवेअर कंपनीत नोकरीला होते. नोकरी सांभाळून त्यांना स्वतःचा धंदा काढायचा होता. त्यासाठी रात्री घरी बसून काही ना काही आखत, पण दिवसा एकमेकांना त्याबद्दल लिहायची सोय नव्हती. ऑफिसच्या ईमेलवर लिहावं तर साहेब वाचतील, आणि घरच्या खात्यापर्यंत ऑफिसातून पोचता येत नव्हतं, कारण मध्ये कंपनीची फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी भिंत. ब्राउझर मात्र दोघांच्याही टेबलावर उघडायचा. पत्रपेटीच एखाद्या वेबपानासारखी ब्राउझरमध्ये उघडली तर? या एका अडचणीतून सगळं निघालं.

याचा अर्थ आता साधा वाटतो, पण तेव्हा सगळी मांडणी त्यामुळे उलटी झाली. पत्रं तुमच्या यंत्रावर उतरेनात. ती त्यांच्याच यंत्रावर राहू लागली आणि तुम्ही नाव नि पासवर्ड टाकलात की त्यांचं यंत्र तुमच्यापुरतं एक पान तयार करून दाखवायचं. प्रत्येक क्लिकला नवं पान. पोस्टात जाऊन स्वतःची पोस्टबॉक्स उघडावी तसं, फक्त हे पोस्ट जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडत होतं. नावातही तीच गोष्ट आहे. इंग्रजीत हॉटमेल लिहिताना ते एच, टी, एम आणि एल ही चार अक्षरं मोठी काढत, कारण वेबपान ज्या भाषेत लिहितात तिचं नाव एचटीएमएल. आणि सेवा सुरू करायला अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन मुद्दाम निवडला, जोडणी देणाऱ्या कंपनीच्या दावणीतून सुटका म्हणून.

फुकट ईमेल देणारे ते पहिलेच नव्हते, हेही सांगायला हवं. एप्रिल 1996 मध्ये अमेरिकेत जूनो नावाची सेवा निघाली, तीही फुकट. पण तिला स्वतःचा प्रोग्राम लागायचा आणि तो ज्या कॉम्प्युटरवर असेल तोच. साताऱ्याच्या माणसाला तिचा काहीच उपयोग नव्हता. हॉटमेलला मात्र स्वतःचा कॉम्प्युटरही लागत नव्हता. हे फार मोठं आहे, सर. माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, अनेकांकडे फोनही नव्हता, तरी जगात त्यांचा स्वतःचा एक पत्ता होता. तासाला 60 रुपये मी घ्यायचे आणि अर्ध्या तासाचे 30. त्याच काळात अमेरिकेला फोन करायचा तर मिनिटालाच साठ-सत्तर रुपये पडत.

सबीर भाटिया पुण्याचा, असं आमचे बाबा म्हणतात. खरं आहे का?
*इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, पुणे*

जन्म चंदीगडचा, 1968 चा. लहानपणी काही वर्षं पुण्यात बिशप्स शाळेत शिकला, नंतर बंगळुरात. पुढे पिलानीच्या बिट्स या इंजिनीअरिंग कॉलेजात असताना कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला आणि 1988 मध्ये तो अमेरिकेला गेला. मग स्टॅनफर्ड. तेव्हा बाबांना सांग, पुण्याच्या शाळेत शिकलेला, इतकं नक्की.

पण तू स्वतः इंजिनीअर होणार आहेस म्हणून एक मनापासून सांगते. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना जॅक स्मिथचं नाव गाळतात. पैसे उभे करणं, बोलणी करणं हे भाटियाने केलं, आणि त्यात त्याची हिंमत विलक्षण होती. पण ब्राउझरमध्ये पत्रपेटी प्रत्यक्ष उघडेल असं यंत्र स्मिथने बांधलं. दोघांपैकी कुणी एकटा असता तर हे झालं नसतं. गोष्ट सांगताना दोन्ही नावं घेत जा.

फुकट सेवा देऊन या कंपन्यांना परवडतं कसं? आमच्या दुकानात मी चहासुद्धा कुणाला फुकट पाजत नाही.
*किराणा व्यापारी, बार्शी*

तुमचा प्रश्न बाजारात बसणाऱ्या माणसाचा आहे आणि म्हणूनच तो बरोबर आहे.

भांडवल दुसऱ्याचं होतं. ड्रेपर फिशर जर्व्हेटसन या गुंतवणूक कंपनीने 3 लाख डॉलर दिले आणि बदल्यात 15 टक्के भागीदारी घेतली. जाहिरातीवर उधळायला पैसा नव्हताच. तेव्हा गुंतवणूकदारांपैकी टिम ड्रेपर यांनी सुचवलं की जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ आपोआप जोडा: तुमची मोफत ईमेल हॉटमेलवर मिळवा. संस्थापकांना आधी ते पटेना. दुसऱ्याच्या खासगी पत्राखाली आपली जाहिरात कशी चिकटवायची? त्यांचा तो संकोच मला आजही आवडतो. शेवटी ओळ जोडली. मग जो पत्र पाठवी तोच विक्रेता झाला, बिनपगारी. सहा महिन्यांत दहा लाख लोक झाले. 1997 च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने सुमारे 40 कोटी डॉलरना कंपनी घेतली तेव्हा खातेदार 85 लाख होते.

आता पैसा कुठून येतो बघा. पत्र उघडलं की पानाच्या वर, बाजूला जाहिराती. आपल्या डाकखात्याने हेच केलं होतं, आठवतंय? 2002 मध्ये मेघदूत पोस्टकार्ड निघालं, पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेलं, म्हणून 25 पैशांना. साधं कार्ड 50 पैशांचं. जाहिरातदार उरलेले पैसे भरणार आणि तुमचं कार्ड पोस्टमनच्या हातून दारोदार ती जाहिरात दाखवणार. हिशेब तोच.

फरक एवढाच की मेघदूत कार्डावरची जाहिरात सगळ्यांना सारखी होती. पोस्टमन तुमचा मजकूर वाचून जाहिरात बदलत नव्हता. 2004 मध्ये जीमेल आलं तेव्हा गूगलने पत्रातले शब्द यंत्राकडून तपासून त्याला जुळणाऱ्या जाहिराती शेजारी लावल्या. माणूस वाचत नाही, यंत्र वाचतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही खासगीपणासाठी झगडणाऱ्या 31 संस्थांनी त्याच महिन्यात पत्र लिहून विरोध केला. जाहिरातींसाठी पत्रं तपासणं बंद करतो, असं गूगलने सांगितलं ते 2017 च्या जूनमध्ये. म्हणजे मधली 13 वर्षं ते चालूच होतं. दादा, तुमच्या दुकानातलं गिऱ्हाईक काय काय नेतं याची वही तुम्ही ठेवता, ती उधारीसाठी. ही वही वेगळ्या कामाची आहे, आणि तिची किंमत चहापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

हॉटमेल पासवर्डशिवाय उघडत होतं असं वाचलं. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो आणि सगळे तेच वापरायचो. इतकं असुरक्षित होतं?
*बँक कर्मचारी, नाशिक*

एक दिवस खरोखर तसं झालं. 30 ऑगस्ट 1999. लॉगिनच्या पानात एक अशी चूक राहिली होती की फक्त समोरच्याचं खात्याचं नाव माहीत असलं तरी पेटी उघडायची. बातमी पसरली, सेवा काही तास बंद ठेवावी लागली आणि चूक दुरुस्त झाली. त्याच वर्षी नाताळात आणखी एक प्रकार झाला. हॉटमेलमध्ये शिरण्यासाठी ज्या पासपोर्ट डॉट कॉम या वेबपत्त्याचा आधार लागायचा, त्याचे नोंदणीचे 35 डॉलर भरायचे राहून गेले आणि अनेकांना लॉगिन होईना. मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरला कारण सापडलं. त्याने स्वतःच्या क्रेडिट कार्डने ते 35 डॉलर भरून टाकले आणि सेवा परत चालू झाली. कोट्यवधी लोकांची पत्रं आणि मध्ये 35 डॉलर.

पण मी रोज जे बघत होते ते याहून साधं होतं. लोक मेल वाचून झाली की वरची फुली दाबून उठायचे. फुली दाबली की खिडकी बंद होते, खातं बंद होईलच असं नाही. पुढचा माणूस येऊन बसला, तोच पत्ता उघडला की आधीच्याची पेटी समोर हजर. मी प्रत्येक गिऱ्हाईक उठलं की त्या खुर्चीवर जाऊन बघायचे, उघडं असलं तर साइन आउट दाबायचे. एकदा एका मुलीचं कुठल्याशा परीक्षेचं पत्र असं दुसऱ्याच मुलाने आधी वाचलं आणि तिच्या घरी सांगितलं. आनंदाची बातमी होती, तरी ती रडली. तिची बातमी होती ना ती.

आणि पासवर्ड! माझ्याकडे नाव, वेळ, पैसे लिहायचं रजिस्टर होतं. लोक त्यातच आपल्या नावापुढे पासवर्ड लिहून ठेवायचे, "ताई, तुमच्याकडे असू दे, मी विसरतो." दोन वर्षांत माझ्या रजिस्टरात सव्वाशेच्या वर पासवर्ड जमले. लोकांचा तो विश्वास होता, हे मला कळत होतं. पण एका रात्री त्या वहीकडे बघून झोप लागेना. सकाळी प्रत्येकाला त्याचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला, बदलायला लावला आणि ती पानं फाडून बंबात घातली.

जीमेल आलं तेव्हा 1 जीबी जागेचं एवढं कौतुक का झालं? आज आम्ही एका व्हिडिओत तेवढी जागा खातो.
*बारावीतला विद्यार्थी, मडगाव*

बाळा, तेव्हा हॉटमेलवर फुकटात 2 एमबी मिळायची आणि याहूवर 4. दोन एमबी म्हणजे आजच्या फोनवरचा एक फोटोसुद्धा धड मावत नाही. त्यामुळे कॅफेत लोकांचा निम्मा वेळ पत्रं पुसण्यात जायचा. पेटी भरली की नवीन पत्र परत जायचं. एक आजोबा दर शनिवारी यायचे, नातवाचा फोटो उघडून डोळे भरून बघायचे आणि मग स्वतःच्या हाताने पुसायचे, पुढचा फोटो यावा म्हणून. मी त्यांना फ्लॉपीवर उतरवून द्यायचे. फ्लॉपीवरही 1.44 एमबी एवढीच जागा.

1 एप्रिल 2004 ला गूगलने 1 जीबी देतो म्हणून जाहीर केलं. म्हणजे हॉटमेलच्या 500 पट. तारीख बघून पुष्कळांना ती थट्टा वाटली. पॉल बुखाइट या इंजिनीअरने हे बांधलं होतं. पुसू नका, साठवा आणि शोधा, हा त्यातला मुख्य विचार. एकाच विषयावरची पत्रं एकाखाली एक लागू लागली, हेही तिथलंच. आधी फक्त आमंत्रणावर खातं मिळायचं. कुणी ओळखीच्याने आमंत्रण पाठवलं तर. माझ्या कॅफेत त्या आमंत्रणांसाठी मुलं ताटकळत. ते सगळ्यांना खुलं झालं 2007 मध्ये. याहूने जागा 100 एमबी केली आणि हॉटमेलने 250, दोन्ही जीमेलच्या धास्तीने.

त्या शनिवारच्या आजोबांना जीमेल मिळालं तेव्हा ते म्हणाले, "आता काही पुसायचं नाही ना?" नाही म्हटलं. आज तू 15 जीबी फुकट वापरतोस, त्यात फोटोही मोजले जातात.

ईमेलचा पत्ता मराठीत असू शकतो का?
*मराठीची शिक्षिका, लातूर*

असू शकतो. इंग्रजीखेरीज इतर लिपींतल्या पत्त्यांचे तांत्रिक नियम 2012 मध्ये ठरले. डॉट भारत हे पत्त्याच्या शेवटी येणारं देवनागरी नाव 2014 मध्ये सुरू झालं, आणि ते हिंदीबरोबर मराठी, कोकणी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी होतं. त्याच वर्षापासून जीमेल असे पत्ते ओळखू लागलं. 2016 मध्ये जयपूरच्या एका कंपनीने डेटामेल नावाची सेवा काढली, त्यात भारतीय भाषांतला पत्ता फुकट मिळे. अडचण वेगळीच आहे. तुम्ही पत्ता घेतलात, तरी बहुतेक ठिकाणचे अर्ज तो घेत नाहीत, "चुकीचा पत्ता" म्हणतात. तोपर्यंत एक रोमन पत्ता जवळ ठेवावाच लागतो.

मजकुराचं मात्र आता काही अडत नाही. आमच्या वेळी युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींतली अक्षरं कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखी दिसावीत म्हणून ठरलेली पद्धत, रुळलेलं नव्हतं. मराठी रोमन अक्षरांत लिहायची. आईने पोराला विचारलं, शाळेतली पाटी सापडली का, आणि सुनेने वाचलं, पती सापडली का. अशा पत्रांचे खुलासे करायलाही फोन लागायचे.

ताई, माझे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. 2001 ते 2006 मुलगा जर्मनीत होता, तेव्हा तो बाबांना लांबलचक ईमेल पाठवायचा आणि हेही उत्तरं लिहायचे. ते सगळं एका मोफत ईमेलवर होतं. परवा मुलाने उघडायचा प्रयत्न केला तर असं खातंच नाही म्हणतात. कुठे गेली ती पत्रं? परत मिळतील का?
*गृहिणी, मिरज*

वहिनी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी खरं सांगते. खातंच नाही असा निरोप येत असेल तर त्या पेटीतली पत्रं बहुधा पुसली गेली आहेत. फुकट सेवांच्या अटींत हे पहिल्यापासून लिहिलेलं असतं की अमुक काळ कुणी फिरकलं नाही तर खातं रिकामं होईल. पूर्वी तो काळ महिन्या-दोन महिन्यांचाही असायचा. आज गूगलच्या खात्याला तो दोन वर्षांचा आहे, आणि डिसेंबर 2023 पासून त्यांनी प्रत्यक्ष खाती काढून टाकायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातही दोन वर्षांतून एकदा तरी शिरावं लागतं. आणि पुसलेलं खातं सेवा देणारे सहसा परत आणून देत नाहीत.

पण पत्र एकाच जागी नसतं. ईमेलचं एक बरं आहे, प्रत पाठवणाऱ्याकडेही राहू शकते. म्हणून असं करा.

मुलाला त्याची तेव्हाची पेटी उघडायला सांगा. जर्मनीत त्याला विद्यापीठाचा पत्ता होता का, की त्याचीही फुकट पेटीच होती? ती जिवंत असेल तर "पाठवलेली" या कप्प्यात त्याची पत्रं आणि आलेल्या कप्प्यात बाबांची उत्तरं असतील. बाबांनी उत्तर देताना खाली मूळ पत्र तसंच राहू दिलं असेल तर एका पत्रात दोन्ही मिळतील.

दुसरं, घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात दिला नसेल तर देऊ नका. त्या वर्षांत पुष्कळ लोक आउटलुक एक्स्प्रेस नावाचा मेलचा प्रोग्राम वापरत आणि ते पत्रं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवी. त्याच्या फायलींच्या नावाशेवटी डीबीएक्स अशी अक्षरं असतात. कॉम्प्युटर चालू होत नसला तरी हार्ड डिस्क काढून त्या फायली वाचता येतात. गावातल्या जाणत्या दुरुस्तीवाल्याला "डीबीएक्स फायली शोधा आणि डिस्कवर काही नवीन लिहू नका" एवढंच सांगा.

तिसरं, कपाटं बघा. विम्याच्या फायलीत, डायरीत, देवघराच्या खणात. त्या पिढीतली माणसं आवडलेलं पत्र छापून आणायची. माझ्या प्रिंटरवर पानाला 10 रुपये होते आणि सगळ्यात जास्त पानं निघायची ती परदेशातून आलेल्या पत्रांची.

इथे माझं स्वतःचं सांगते, कारण तुमची तडफड मला ठाऊक आहे. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, रोज संध्याकाळी कॅफेत येऊन बसत. धाकटा भाऊ कॅनडात होता. नाना बोलायचे आणि मी टाइप करायचे, शब्दन्‌शब्द. "सोयाबीन कापून झालं. विहिरीला पाणी आहे. तुझ्या आईचा गुडघा दुखतो पण ती सांगत नाही, तू विचार." असं तीन-साडेतीन वर्षं चाललं. खातं नानांच्या नावाचं, मीच उघडून दिलेलं, एका फुकट सेवेवर. 2003 च्या पावसाळ्यात नाना गेले. मला त्या खात्यात शिरवेना. साडेतीन महिन्यांनी धीर करून पासवर्ड टाकला, तर पेटी उघडली आणि आत स्वागताचं एक छापील पत्र होतं, नव्या माणसाला पाठवतात तसं. आलेली, पाठवलेली, सगळी पत्रं गेली होती. मी दिवसभर इतरांच्या पेट्या सांभाळत होते आणि माझ्या बापाची पेटी माझ्याच कॅफेत बसून रिकामी झालेली बघितली.

सेवेशी मी भांडू शकत नव्हते, अट त्यांनी लिहिली होती आणि मी न वाचता हो म्हटलं होतं. पण राग आला तो अजून आहे. जुन्या पद्धतीत पोस्टमन पत्र घरात टाकून जायचा, ते आपलं व्हायचं. या फुकट पेट्यांनी आपल्याला कुठूनही पत्र वाचायची सोय दिली आणि पत्र मात्र स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. कराडच्या सरांना वर जे उत्तर दिलं, तुमचं दुःख त्याचीच दुसरी बाजू आहे. सोय खरी आहे, मी ती हजारो लोकांना मिळताना पाहिली. पण त्या घराची किल्ली आपल्याकडे असली तरी घर आपलं नाही.

म्हणून ज्यांची पेटी आज चालू आहे त्यांनी या रविवारी एक काम करावं. जीमेल असेल तर गूगलच्या टेकआउट या पानावर जाऊन फक्त मेल निवडा आणि मागणी नोंदवा. काही तासांत, कधी एक-दोन दिवसांत, एक फाईल उतरवायचा दुवा येतो. आउटलुकच्या, म्हणजे पूर्वीच्या हॉटमेलच्या, पेटीत सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या कप्प्यात मेलबॉक्स बाहेर काढायची सोय आहे. थंडरबर्ड नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो कॉम्प्युटरवर बसवून पेटी जोडली तर तो पत्रं उतरवूनही घेतो आणि जीमेलमधून उतरवलेली फाईलही त्यात उघडता येते. ही फाईल दोन ठिकाणी ठेवा, एक घरात आणि एक मुलीकडे किंवा भावाकडे. गूगलच्या खात्यात "खातं वापरात नसेल तर" अशी एक सोय आहे. तीन महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत मुदत ठरवता येते आणि त्यानंतर कुणाला कळवायचं, कुणाला पत्रं द्यायची, त्याचं नाव आधीच देऊन ठेवता येतं. साठीच्या पुढच्या सगळ्यांनी ते आजच भरावं. घरातलं माणूस गेल्यानंतर कंपनीकडे अर्ज करता येतो, मृत्यूचा दाखला लागतो, पण मजकूर हाती येईलच असं नाही.

वहिनी, माझ्या भावाकडे विचारपूस केली तेव्हा कळलं की त्याची ऑफिसची पेटीही नोकरी बदलल्यावर गेली होती. पण त्याने अकरा पत्रं छापून ठेवली होती, ऑफिसच्या प्रिंटरवर, पाठकोऱ्या कागदांवर. मागच्या बाजूला त्यांच्या कंपनीचे कुठलेतरी तक्ते आहेत. ती अकरा पानं आता माझ्याकडे आहेत, प्लास्टिकच्या फायलीत. चौथ्या पानावर नानांनी लिहायला लावलेलं आहे, "ताई टाइप करते आहे, तिलाही काही लिहायचं असेल तर खाली लिहील." खाली मी काही लिहिलेलं नाही, त्या दिवशी लाइट गेली असावी.

मुलाने पेटी उघडली की मला कळवा. डीबीएक्स फायली मिळाल्या आणि उघडेनात तर हार्ड डिस्क मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी स्वतः बघते.